रीबूट झालं की रूट गायब: लिनक्सवरच्या नेटवर्क स्क्रिप्टचा पुन्हापुन्हा येणारा त्रास

लक्षणं साधारण अशी असतात. दोन नेटवर्क कार्डं असलेलं लिनक्स मशीन आहे. एका कार्डाला सेवापुरवठादाराचा राउटर जोडलाय, दुसऱ्याला आतला स्विच. आतलं नेटवर्क १९२.१६८.१०.० चं. पलीकडच्या इमारतीत १९२.१६८.२०.० चं, आणि तिकडे जाण्याचा रूट, म्हणजे पाकिटांचा मार्ग, १९२.१६८.१०.२ वरून. हा रूट आणि आणखी चारदोन आज्ञा कोणीतरी कधीतरी आरसी.लोकल या बूटच्या वेळी एकदाच चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवल्यात. हाताने रीबूट केलं तर बहुतेक वेळा सगळं ठीक येतं. पण वीज जाऊन आली की पलीकडची इमारत तुटलेली असते. मग कोणीतरी लॉगिन करून तीच स्क्रिप्ट हाताने चालवतं, दुसऱ्या क्षणी सगळं सुरू होतं, आणि पुढची वीज जाईपर्यंत विषय मिटतो.

कॉलेजची लॅब, छोटं हॉस्पिटल, हिशेबाचं ऑफिस, जिथे जिथे एक लिनक्स मशीन कोपऱ्यात बसून सगळ्यांना नेट पुरवतं, तिथे हा प्रकार वर्षानुवर्षं चालू असतो. त्यावर ‘स्लीप ३०’ टाकून वेळ मारून नेण्याची पद्धतही तितकीच जुनी आहे. तो उपाय नव्हे. स्विच बदलला किंवा डिस्कच्या जागी एसएसडी आली की ते तीस सेकंद पुन्हा कमी पडतात.

हाताने चालवली की स्क्रिप्ट चालते, याचा अर्थ तिच्यातल्या आज्ञा बरोबर आहेत. मग बिघाड दोनच ठिकाणी असू शकतो. एक तर स्क्रिप्ट चुकीच्या वेळी चालतेय, नाहीतर त्याच इंटरफेसवर, म्हणजे नेटवर्क कार्डावर, आणखी कोणाचा तरी हात आहे. बहुतेक मशीनवर दोन्ही सापडतं.

तुटलेलं असतानाच पुरावा घ्या

स्क्रिप्ट हाताने चालवायची घाई करू नका. ती चालवली की पुरावा पुसला जातो. आधी ‘आयपी -ब्रीफ अ‍ॅड्रेस’ आणि ‘आयपी रूट’ या दोन्हींचं आउटपुट एखाद्या फाइलीत साठवा. मग ‘जर्नलसीटीएल’ला, म्हणजे सिस्टीमची नोंदवही (जर्नल) दाखवणाऱ्या आज्ञेला, चालू बूट आणि आरसी-लोकल हे युनिट (सर्व्हिस) सांगून त्याची नोंद वाचा. मशीन आधीच रीबूट झालं असेल तर मागच्या बूटची नोंद मागता येते, पण त्यासाठी ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी असावी लागते. ती नसेल तर अनेक मशीनवर जर्नल फक्त मेमरीत राहतं आणि वीज गेली की सगळं जातं. डिरेक्टरी आजच तयार करून ठेवा. पुढच्या वेळी तीच कामी येईल.

आता नोंदीत कोणता संदेश आहे ते नीट वाचा. ‘एरर आला’ एवढ्यावर थांबू नका, कारण प्रत्येक संदेश वेगळ्या कारणाकडे बोट दाखवतो.

‘कॅनॉट फाइंड डिव्हाइस’ असेल तर स्क्रिप्ट ज्या नावाने हाक मारतेय त्या नावाचा इंटरफेस त्या क्षणी नव्हता. कार्डाचं नाव बदललं असेल, किंवा यूएसबी कार्ड अजून जागं झालं नसेल.

‘नेक्स्टहॉप हॅज इनव्हॅलिड गेटवे’, किंवा जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) ‘नेटवर्क इज अनरीचेबल’, असेल तर रूट घालताना त्या इंटरफेसवर पत्ताच नव्हता. १९२.१६८.१०.२ पर्यंत कसं पोचायचं हे कर्नलला ठाऊक नसेल तर त्याच्यामागचा रूट ते स्वीकारत नाही. वीज गेल्यावरच्या बिघाडात बहुतेक वेळा हाच संदेश मिळतो.

‘फाइल एक्झिस्ट्स’, किंवा नव्या कर्नलवर ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी असाइन्ड’, दिसलं तर तोच पत्ता वा रूट तुमच्याआधी दुसऱ्या कोणीतरी घातलाय. हा संदेश निरुपद्रवी वाटतो, पण आरसी.लोकलची पहिली ओळ पाहा. डेबियन घराण्यात ती परंपरेने ‘एसएच’ला उणे ई हा पर्याय देऊन लिहिलेली असते. म्हणजे एक जरी आज्ञा अपयशी ठरली तरी स्क्रिप्ट तिथेच संपते. पत्ता आधीच होता म्हणून दुसरी ओळ पडली, आणि म्हणून खालची रूटची ओळ चाललीच नाही! बिघाड रूटचा दिसतो आणि कारण चार ओळी वर दडलेलं असतं.

चौथी शक्यता सगळ्यात फसवी. नोंदीत काहीच एरर नाही, स्क्रिप्ट यशस्वी, तरी रूट नाही. म्हणजे तो घातला गेला होता आणि नंतर कोणीतरी काढला. अशा वेळी ‘आयपी मॉनिटर’ चालू ठेवून केबल काढून पुन्हा लावा. पत्ते आणि रूट कोणत्या क्रमाने येतात-जातात ते डोळ्यांसमोर दिसतं.

वीज गेल्यावरच का?

वीज येते तेव्हा मशीन आणि स्विच एकाच क्षणी सुरू होतात. एसएसडीवरचं लिनक्स काही सेकंदांत वर येतं. मॅनेज्ड स्विचला मात्र अनेकदा मिनिट किंवा त्याहून जास्त लागतं. तोवर कार्डाला समोरून सिग्नल नाही. सिग्नल नाही म्हणून नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी-नेटवर्कडी हे नेटवर्क सांभाळणारे कार्यक्रम त्या इंटरफेसवर पत्ता घालत नाहीत. तेवढ्यात आरसी.लोकल येते, पत्ता नसल्यामुळे रूटची आज्ञा फसते, उणे ई मुळे स्क्रिप्ट संपते. मिनिटाने स्विच जागा होतो, पत्ता येतो, आतलं नेटवर्क सुरू होतं. पण स्क्रिप्ट परत चालवणारं कोणी नसतं. हाताने रीबूट करताना स्विच आधीपासून चालू असतो, म्हणून तेव्हा हे घडत नाही.

याला आणखी एक पदर आहे. स्विचवर स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलींची गोल साखळी होऊ न देणारी व्यवस्था, जुन्या पद्धतीने चालू असेल तर पोर्टचा दिवा लागल्यावरही ऐकण्याची १५ आणि शिकण्याची १५ अशी ३० सेकंदं पाकिटं पुढे जात नाहीत. पत्ता डीएचसीपीने, म्हणजे राउटर किंवा सर्व्हरकडून आपोआप, येत असेल तर त्या वेळातल्या विनंत्या वाया जातात. मशीन जोडलेल्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे टोकाचा पोर्ट असल्याची सेटिंग, चालू केली की ही वाट पाहणं संपतं.

‘पण माझी सर्व्हिस नेटवर्क टार्गेटनंतर चालते’, असं इथे हमखास ऐकू येतं. सिस्टमडी हा बूटच्या वेळी सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा कार्यक्रम; त्यातल्या ‘नेटवर्क.टार्गेट’ या टप्प्याचा अर्थ बूटच्या वेळी फक्त एवढाच, की नेटवर्क सांभाळणारा कार्यक्रम सुरू झालाय. पत्ता आला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. पत्त्याची वाट पाहणारं टार्गेट वेगळं आहे: ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’. त्याचं नाव युनिटमध्ये ‘आफ्टर’ आणि ‘वॉन्ट्स’ अशा दोन्ही ओळींत लिहावं लागतं. फक्त ‘आफ्टर’ लिहिलं आणि दुसऱ्या कोणी ते मागितलं नसेल, तर ते बूटमध्ये येतच नाही आणि वाटही पाहिली जात नाही.

तरीही या टार्गेटवर फार भिस्त ठेवू नये, असं माझं मत आहे. त्याची मुदत ठरलेली असते. नेटवर्कडीच्या वाट पाहणाऱ्या सर्व्हिसची मूळ मुदत १२० सेकंद आहे. ती संपली की बूट पुढे सरकतो आणि आपण पुन्हा तिथेच येतो. उलट दुसऱ्या पोर्टला केबलच नसेल तर रोज सकाळी मशीन दोन मिनिटं स्क्रीनवर अडकून बसतं. तसं होत असेल तर तो पोर्ट नेटप्लॅनमध्ये (उबुंटूची नेटवर्क मांडणी लिहिण्याची पद्धत) ‘ऑप्शनल’ करा, किंवा नेटवर्कडीच्या फाइलीत ‘रिक्वायर्ड-फॉर-ऑनलाइन’ला ‘नो’ लिहा. पण मूळ दुखणं वेगळं आहे. बूट एकदाच होतो आणि केबल दिवसातून कितीही वेळा निघू शकते. जी गोष्ट इंटरफेस वर आल्यावर व्हायला हवी ती बूटला बांधून ठेवणं चूक आहे.

बॅशआरसीत नको

शेलच्या स्टार्टअप फाइलींत, म्हणजे बॅशआरसी, प्रोफाइल किंवा ‘/ईटीसी/प्रोफाइल.डी’मध्ये, आयपीच्या आज्ञा लिहिलेली मशीन अजून भेटतात. या फाइली मशीन सुरू झाल्यावर वाचल्या जात नाहीत, माणूस लॉगिन झाल्यावर वाचल्या जातात. म्हणून तिथे ‘कोणी लॉगिन केलं की नेट येतं’ असा चमत्कार दिसतो. साध्या युझरला पत्ता बदलायचा अधिकार नसतो, मग त्यात सुडो (प्रशासकाचा अधिकार देणारी आज्ञा) घुसतं, आणि बॅशआरसीने काही छापलं तर एससीपी आणि एसएफटीपी या फाइली पाठवण्याच्या आज्ञाही मोडतात. त्या ओळी आधी तिथून काढा.

ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनच्या ‘अ‍ॅट-रीबूट’चीही तीच गत. क्रॉनला मिळणारा पाथ, म्हणजे आज्ञा शोधायच्या डिरेक्टरींची यादी, तोकडा असतो, त्यात अनेकदा एसबिन नसतं, त्यामुळे जिथे ‘आयपी’ एसबिनमध्येच आहे तिथे नुसतं ‘आयपी’ लिहिलेली ओळ ‘नॉट फाउंड’ म्हणून गप्प बसते. नेट-टूल्स पॅकेज नसलेल्या नव्या मशीनवर ‘इफकॉन्फिग’चंही असंच होतं. डेबियन ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, ते आपोआप इन्स्टॉल होत नाही. जुन्या स्क्रिप्ट नव्या मशीनवर आणताना इफकॉन्फिग आणि रूट या आज्ञा काढून आयपीरूट२ या पॅकेजमधल्या ‘आयपी’च्या आज्ञा घाला.

मालक कोण ते ठरवा

मालक म्हणजे इंटरफेस सांभाळणारा कार्यक्रम. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ (नेटवर्कमॅनेजरची) आणि ‘नेटवर्कसीटीएल’ (नेटवर्कडीची) या दोन्ही आज्ञा चालवा. एकीत इंटरफेस ‘कनेक्टेड’ किंवा ‘कॉन्फिगर्ड’ आणि दुसरीत ‘अनमॅनेज्ड’ दिसला तर ठीक. दोन्हीकडे तो आपलाच आहे असा दावा दिसला, किंवा कोणाचाच नाही आणि पत्ता मात्र आहे, तर तिथे गडबड आहे. शिवाय ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ ही फाइल उघडून त्याच कार्डाची जुनी नोंद उरलीय का ते बघा. मशीन अपग्रेड होत होत आलं असेल तर ती हमखास असते.

नेटवर्कमॅनेजर कनेक्शन सुरू करताना इंटरफेस आपल्या प्रोफाइलप्रमाणे लावून घेतो. प्रोफाइलमध्ये नसलेला, तुम्ही स्क्रिप्टने घातलेला पत्ता त्यात उडतो. तो त्याचं काम करतोय. भांडण आपण लावलेलं असतं. शेताच्या एकाच बांधावर दोघांनी दोन वेगळ्या मोजण्यांनी दगड रोवावेत तसं हे होतं, आणि शेवटी ज्याचा दगड नंतर पडला त्याचं खरं.

डेस्कटॉपवर नेटवर्कमॅनेजर, उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅन आणि त्यामागे नेटवर्कडी, जुन्या डेबियनवर इफअपडाउन: जे आधीपासून आहे त्यालाच मालक राहू द्या. माझ्या मते यातलं अमुकच चांगलं असा वाद घालण्यात अर्थ नाही. एका इंटरफेसला एक मालक, एवढं पाळलं की पुरे. बाकीच्यांना तो इंटरफेस ‘अनमॅनेज्ड’ म्हणून सांगा किंवा त्यांच्या फाइलीतून ती नोंद काढून टाका.

मग स्थिर पत्ता आणि स्थिर रूट स्क्रिप्टमधून काढून मालकाच्या फाइलीत लिहा. नेटवर्कमॅनेजरमध्ये कनेक्शनच्या ‘आयपीव्ही४.रूट्स’ या गुणधर्मात १९२.१६८.२०.०/२४ आणि पुढे १९२.१६८.१०.२. नेटप्लॅनमध्ये त्या इंटरफेसखाली ‘रूट्स’, त्यात ‘टू’ आणि ‘व्हाया’. नेटवर्कडीत ‘रूट’ विभागात ‘डेस्टिनेशन’ आणि ‘गेटवे’. एवढं केलं की निम्म्याहून जास्त मशीनवर प्रश्न इथेच संपतो, कारण सिग्नल जेव्हा येईल तेव्हा मालक पत्ता आणि रूट सोबतच घालतो.

क्लाउडवरच्या मशीनवर एक अडथळा येतो. नेटप्लॅनच्या डिरेक्टरीतली ‘५०-क्लाउड-इनिट’ ही फाइल क्लाउड-इनिट, म्हणजे क्लाउडवरचं मशीन सुरुवातीला मांडून देणारं सॉफ्टवेअर, स्वतः लिहितं आणि तुमचे बदल पुसू शकतं. तिच्यात हात घालण्याऐवजी मोठ्या क्रमांकाची वेगळी फाइल करा, किंवा क्लाउड-इनिटचं नेटवर्कचं काम त्याच्या कॉन्फिगमध्ये बंद करा.

रेड हॅट घराण्यात आयएफसीएफजी या नेटवर्कच्या जुन्या फाइलींची सवय असलेल्यांनी लक्षात घ्यावं: आवृत्ती ९ पासून नवी कनेक्शन ‘सिस्टम-कनेक्शन्स’ डिरेक्टरीतल्या कीफाइलमध्ये जातात. ती फाइल रूट युझरच्या (मशीनच्या मुख्य प्रशासकाच्या; मार्ग या अर्थाचा रूट नव्हे) मालकीची आणि ६०० परवानगीची, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येणारी, हवी, नाहीतर नेटवर्कमॅनेजर ती वाचत नाही.

नाव पक्कं करा

‘ईटीएच०’ आणि ‘ईटीएच१’ ही नावं कर्नल कार्डं सापडतील त्या क्रमाने देतं, आणि तो क्रम दर बूटला तोच राहील याची हमी नाही. म्हणून सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीत, २०१३ साली, कार्डाच्या जागेवरून नाव देण्याची पद्धत आली: ‘ईएनओ१’, ‘ईएनपी३एस०’ वगैरे. तिने मोठा त्रास वाचवला, पण एक उरला. मशीनमध्ये नवी एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बसवलं की पीसीआय बसचे क्रमांक सरकू शकतात आणि ‘ईएनपी३एस०’चा ‘ईएनपी४एस०’ होतो. नेटवर्कला हातही न लावता नेटवर्क बंद पडतं ते यामुळे. ‘डीमेसेज’मध्ये ‘रीनेम्ड फ्रॉम’ शोधलं की आज कोणत्या कार्डाला काय नाव मिळालं ते कळतं.

दोन कार्डं असतील तर स्वतःची नावं द्या. ‘/ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क’मध्ये प्रत्येक कार्डासाठी एक लिंक फाइल करा. ‘मॅच’ विभागात त्याचा कायमचा मॅक पत्ता (कार्डाला कारखान्यात मिळालेला क्रमांक), ‘लिंक’ विभागात नाव. ‘लॅन०’, ‘वॅन०’ अशी कामावरून ठेवलेली नावं उत्तम. १५ अक्षरांच्या आत ठेवा. ईटीएच० असं नाव मात्र देऊ नका, त्या नावासाठी कर्नलशी झटापट होते. मॅच करताना ‘पर्मनंट-मॅक-अ‍ॅड्रेस’ वापरा. साधा मॅक पत्ता त्या कार्डावर बनवलेल्या व्हीलॅन किंवा ब्रिज या आभासी इंटरफेसशीही जुळू शकतो आणि भलत्याच इंटरफेसचं नाव बदलायचा प्रयत्न होतो.

डेबियन आणि उबुंटूवर यानंतर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवायला विसरू नका. कार्डांना नाव देणारा यूडेव्ह बूटच्या अगदी सुरुवातीला इनिटरॅमएफएस या मेमरीत आधी उघडणाऱ्या छोट्या फाइलसंचातच चालतो आणि तिथली प्रत जुनी असेल तर नाव जुनंच राहतं. ‘फाइल बरोबर आहे, तरी नाव बदलत नाही’ याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

उरलेली स्क्रिप्ट कुठे ठेवायची

आता स्क्रिप्टमध्ये फक्त मालकाला न जमणाऱ्या गोष्टी उरायला हव्यात: टीसीने वेगमर्यादा लावणं, इथटूलने कार्डाची एखादी सुविधा बंद करणं, वगैरे. ही स्क्रिप्ट इंटरफेस वर येण्याच्या घटनेला टांगा.

नेटवर्कमॅनेजरसाठी जागा आहे ‘डिस्पॅचर.डी’. तिथल्या स्क्रिप्टला पहिला आर्ग्युमेंट इंटरफेसचं नाव मिळतो, दुसरा घटनेचं: अप, डाउन वगैरे. फाइल रूट युझरच्या मालकीची हवी आणि इतरांना लिहिता येता कामा नये, नाहीतर ती चालत नाही. नेटवर्कडीसोबत नेटवर्कडी-डिस्पॅचर हे वेगळं पॅकेज असतं, त्यातली ‘राउटेबल.डी’ ही डिरेक्टरी वापरा. नेटप्लॅनला स्वतःचे हुक, म्हणजे घटनेला स्क्रिप्ट टांगायच्या जागा, नाहीत, त्यामुळे तिथे शोधत बसू नका.

इफअपडाउनमध्ये ‘इफ-अप.डी’ आहे आणि इंटरफेसचं नाव ‘आयफेस’ या व्हेरिएबलमध्ये येतं. इथे एक सापळा आहे ज्यात खूप लोक अडकतात. या डिरेक्टरीतल्या फाइली रन-पार्ट्स चालवतं, आणि मूळ नियमानुसार फाइलीच्या नावात फक्त अक्षरं, अंक, अंडरस्कोअर आणि हायफन चालतात. नावात टिंब असेल तर ती फाइल मुकाट्याने वगळली जाते. म्हणजे शेवटी ‘.एसएच’ लावलेली स्क्रिप्ट कधीच चालत नाही, आणि एररही येत नाही. रन-पार्ट्सला ‘टेस्ट’ पर्याय देऊन विचारा, ते कोणत्या फाइली चालवेल त्यांची यादी देतं.

मला आवडणारी मांडणी अशी: डिस्पॅचरमध्ये एकच छोटी फाइल ठेवायची. ती फक्त घटना ‘अप’ आहे का ते पाहते आणि ‘/ईटीसी’खालच्या आपल्या डिरेक्टरीत त्या इंटरफेसच्या नावाची फाइल असेल तर ती चालवते. मग ‘लॅन०’चं सगळं ‘लॅन०’ नावाच्या फाइलीत, ‘वॅन०’चं ‘वॅन०’मध्ये. उद्या दुसरं कोणी मशीन सांभाळायला आलं तरी कुठे बघायचं ते नावावरूनच कळतं. उद्या मालक बदलला तर फक्त ती छोटी फाइल नवीन हुकमध्ये लिहायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

फाइलींच्या आत काही नियम पाळा. रूट घालायचाच असेल तर ‘अ‍ॅड’ऐवजी ‘रिप्लेस’ लिहा. आयपी अ‍ॅड्रेस रिप्लेस, आयपी रूट रिप्लेस, टीसी क्यूडिस्क रिप्लेस: आधी असेल तर तेच राहतं, नसेल तर येतं, आणि स्क्रिप्ट कितीदाही चालली तरी फरक पडत नाही. वरचा ‘फाइल एक्झिस्ट्स’चा सगळा गोंधळ या एका शब्दाने मिटतो. आज्ञांचे पूर्ण पाथ लिहा. पहिल्या ओळीत ‘एसएच’ असेल तर डेबियन-उबुंटूवर ती डॅश चालवते, तिथे बॅशचे दुहेरी चौकटी कंस आणि अ‍ॅरे चालत नाहीत. प्रत्येक टप्प्यावर ‘लॉगर’ने एक ओळ जर्नलमध्ये टाका, म्हणजे पुढच्या वेळी स्क्रिप्ट चालली होती का हा प्रश्न अंदाजावर राहणार नाही.

तपासणी

नुसत्या रीबूटने तपासणी झाली असं समजू नका. तो तर आधीही यशस्वी होत होता. केबल काढून लावा. मग ‘आयपी लिंक सेट’ने इंटरफेस डाउन करून अप करा: डाउन करताना कर्नल त्या इंटरफेसवरचे आयपीव्ही४ रूट काढून टाकतं आणि अप केल्यावर फक्त थेट जोडलेल्या नेटवर्कचा रूट परत आणतं, त्यामुळे बाकीचे रूट मालक परत घालतो का ते इथे उघडं पडतं. शेवटी मशीन आणि स्विच दोन्ही बंद करून एकत्र सुरू करा. आपला मूळ बिघाड याच परिस्थितीत होता.

मशीन दूर असेल आणि एसएसएचवरून बदल करायचा असेल तर नेटप्लॅनवाल्यांनी ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरावं. १२० सेकंदांत होकार दिला नाही तर ते जुनी मांडणी परत आणतं. इतरांनी आधी ‘शटडाउन’ने दहा मिनिटांनंतरचा रीबूट लावून ठेवावा, बदल फक्त चालू मशीनवर करून पाहावा, संपर्क टिकला तर रीबूट रद्द करावा आणि मगच फाइलीत लिहावं. फाइल आधी बदलली तर तो रीबूट वाचवत नाही, बिघाडच पक्का करतो.

एवढं करून रूट टिकला, पण एखादी सर्व्हिस वीज आल्यावर उठत नसेल, तर ती एका ठरावीक पत्त्यावर ऐकायला बसतेय का ते तिच्या कॉन्फिगमध्ये बघा. पत्ता उशिरा आला की ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ म्हणून ती बंद पडते. तिला सगळ्या पत्त्यांवर ऐकू देऊन नको असलेल्यांना फायरवॉलने अडवा, किंवा सिसीटीएलमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंगमध्ये, ‘आयपी-नॉनलोकल-बाइंड’ला १ द्या, म्हणजे पत्ता येण्याआधीही तिला त्या पत्त्यावर बसता येतं.